मधला हौद

माझे वडील नोहरा हे वरच्या बांधावरची शेवटची द्राक्षे तोडून झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी वारले, आणि त्यानंतर सोळाव्या दिवशी मधला हौद गप्प झाला.

आमच्या गावात, कफर तल्जमध्ये, रस आंबतो आहे असे कोणी म्हणत नाही. तो बोलतो आहे असे म्हणतात. ऐन हंगामात खालच्या पायवाटेने जाणारा माणूस आमच्या तळघराच्या दाराशी क्षणभर थबकतो, कारण आतून येणारा आवाज झोपेत कुणी पुटपुटत असावे तसा असतो. त्यात शब्द नसतात, पण आपल्याविषयीच काहीतरी चालले आहे अशी शंका येते. तळघरात सिमेंटचे तीन हौद आहेत. कडेचे दोन खालच्या बांधांवरच्या द्राक्षांचे. त्यांचे बोलणे वडील हयात असतानाच संपले होते. मधला सर्वांत वरच्या बांधाचा. तिथे मरवाह जातीच्या वेलींना मांडव नाही. त्या जमिनीवरच पसरतात, वर्षाचे चार महिने बर्फाखाली निजतात, आणि त्यांची द्राक्षे इतक्या उशिरा पिकतात की खालच्या गावांत तोवर नव्या वाइनच्या बढाया मारून संपलेल्या असतात. कडेचे दोन हौद वडील पोटासाठी भरत. मधला ते स्वतःसाठी भरत.

मी दूरच्या एका विद्यापीठात प्राचीन लोकांचे शेतीवरचे ग्रंथ शिकवतो. द्राक्षांच्या रसाचे मद्य कसे करावे याविषयी अडीच हजार वर्षांत जे जे लिहिले गेले, त्यातले जे उरले आहे ते मी वाचले आहे. रसात समुद्राचे पाणी किती घालावे, चंद्र कुठल्या घरात असावा, वारा कुठून यावा, गुलामाला कधी मारावे हे सगळे मला तोंडपाठ आहे. आणि वडिलांच्या मधल्या हौदासमोर मी चोविसाव्या दिवशी उभा होतो तो हात खिशात घालून.

“डॉक्टर आलेत,” माझी बहीण झल्फा हौदाच्या शिडीवरून म्हणाली. “आता याची नाडी बघतील.”

शिडीच्या पायथ्याशी तौतल नावाचे गृहस्थ उभे होते. ते शहरातून आले होते. छोट्या छोट्या घराण्यांची वाइन एकत्र करून ती परदेशी पाठवणे हा त्यांचा उद्योग. त्यांनी काचेच्या नळीत रस घेतला, उजेडाकडे धरला, चाखला, आणि मृताच्या घरी शोभेल अशा आवाजात म्हणाले, “मेलेला नाही. झोपलाय. अर्धी साखर तशीच आहे. असाच राहिला तर पंधरा दिवसांत आंबट होईल, मग उंदराचा वास येईल, मग तुम्ही तो अरकची दारू गाळायला द्याल.”

“अरकला वाईट काय आहे?” झल्फाने विचारले.

“अरकला काहीच वाईट नाही, बाईसाहेब. पण अबू सिमआननी, तुमच्या बाबांनी, हा हौद अरकसाठी भरला नव्हता.”

हे बोलणे खरे होते, आणि खरे बोलून जिंकणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमीच विशेष तिटकारा वाटत आला आहे.

तौतलांचा उपाय सोपा होता. शनिवारी ते परदेशी यीस्टचे पाकीट घेऊन येतील, हौदाभोवती विजेचा गरम पट्टा गुंडाळतील, जनरेटरही त्यांचाच. दोन दिवसांत रस पुन्हा बोलू लागेल. “कुठल्या भाषेत?” असे मी विचारले. त्यांना ते समजले नाही. झल्फाला समजले आणि तिने माझ्याकडे डोळे वटारले. मग सबंध हौद ते विकत घेतील. बाटलीवरचा मजकूर तेवढा मी लिहून द्यायचा. दोनच ओळी. मसुदा त्यांच्या खिशातच होता: चार हजार वर्षे, एकच घराणे, फिनिशियन खलाशांच्या पेल्यापासून नोहरा यांच्या हातापर्यंत.

मला राग आला की माझा आवाज चढत नाही, खाली उतरतो. विद्यार्थी त्याला घाबरतात. गावात त्याचा काही उपयोग नाही.

“आमच्या बागेचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा आहे,” मी म्हणालो. “मठाच्या बकरीनं वेली खाल्ल्या म्हणून पणजोबांनी केलेली तक्रार. त्याआधीच्या काळाबद्दल कुणालाही काहीही ठाऊक नाही. तुम्हाला एखादा पूर्वज हवाच असेल, तर ती बकरी घ्या.”

“बकरी खपत नाही, उस्ताज,” तौतल शांतपणे म्हणाले.

“बाजारात विचारून बघा,” झल्फा शिडी उतरत म्हणाली, “हल्ली वाइनपेक्षा बरी जाते. या, वर कॉफी घ्या. कडूच मिळेल, चाळीस दिवस साखर नाही.”

ते गेल्यावर आम्ही दोघे भांडलो. मोठ्याने नाही, दुखवट्याच्या घरात भांडायचीही एक रीत असते. मी म्हणालो, पाकिटातले यीस्ट टाकले की ही वाइन कुणाचीही होईल, सगळ्या जगात तेच पाकीट आहे, वडिलांच्या हौदात त्यांचे काही उरणार नाही. झल्फा म्हणाली, “तू रविवारी विमानात बसशील. मग मी, आई आणि हा हौद. तू तिकडून पत्र पाठवशील, त्यात खाली टिपा असतील. सिमआन, मला बाबांची वाइन हवीय. ती नसेल तर त्यांच्या बांधावरची तरी हवीय. अरक झाला तर दोन्ही गेलं.”

“शनिवारपर्यंत थांब.”

“शनिवारपर्यंत काय करणार आहेस? वाचून दाखवणार आहेस त्याला?”

वाचून दाखवण्याची कल्पना माझ्या मनात खरोखरच येऊन गेली होती.

दुपारी दरीतून धुके वर येते. ते रोज येते, ठरलेल्या वेळी, एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखे. आधी मठाची घंटा जाते, मग अक्रोडाची झाडे, मग आपलेच जोडे. त्या दिवशी मी तळघराचे दार उघडे ठेवून रिकाम्या पोत्यांवर पडून राहिलो, आणि धुके आत आले. हौदांच्या कडा विरघळल्या. आवाज कुठलाच नव्हता. वडील हौदाच्या भिंतीला कान लावून उभे राहत, डोळे मिटून, ओठ किंचित हलवत. लहानपणी मला वाटे की हौद सांगतो ते ते पाठ करत आहेत. अर्धवट झोपेत मला ते तसेच उभे दिसले. मी विचारले, काय म्हणतो तो? त्यांनी बोट ओठांवर ठेवले. त्यांच्या टोपीवर बर्फ होते आणि ते वितळत नव्हते. मग मला कळले की ते मला गप्प बसवत नसून गारठलेल्या बोटांवर फुंकर घालत आहेत. त्यांना थंडी वाजत होती.

जाग आली तेव्हा झल्फा हौदावर चढून बसली होती, आणि तिच्या मांडीवर आमची मांजर होती, जिला धरून ठेवावे लागत होते.

“बघ,” ती म्हणाली, “बसत नाही.”

“कोण?”

“ही. दर वर्षी या दिवसांत हिचं बूड इथून हलत नाही. हौदाच्या मागच्या कडेला, भिंतीला चिकटून. बाबा आपले ओले मोजेही इथंच टाकायचे. या वर्षी ही वर शेगडीपाशी असते. मी म्हटलं, बाबा नाहीत म्हणून. मांजरीला कुणाचं काय पडलंय? इथं हात लाव.”

मी हात लावला. मागची भिंत ओल्या दगडासारखी गार होती.

“दर वर्षी गरम असते?”

“गरम नाही. कोमट. अंगासारखी. मला वाटायचं रसाचीच ऊब आहे.” तिने भिंतीकडे पाहिले, मग छताकडे. “सिमआन, या भिंतीच्या पलीकडे काय आहे?”

हा प्रश्न जितका साधा वाटतो तितका नव्हता. आमचे घर डोंगराच्या उतारावर आहे. स्वयंपाकघरात वरच्या गल्लीतून शिरायचे. तळघरात यायचे तर घराला वळसा घालून, चाळीस पायऱ्या उतरून, खालच्या बांधावरून. वर आईचे राज्य, खाली वडिलांचे. या दोन जागा वेगवेगळ्या हवेत, वेगवेगळ्या ऋतूंत असल्यासारख्या आमच्या मनात होत्या. त्या एकमेकींवर असतील हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात कधी आले नव्हते. झल्फा बाहेर पळाली, पायऱ्या चढली, आणि थोड्या वेळाने छताच्या मागच्या कोपऱ्यातून, भिंतीच्या आतून, ठक्, ठक्, ठक् असा आवाज आला.

ती तन्नूरच्या बुडावर सांडशी आपटत होती.

तन्नूर म्हणजे स्वयंपाकघराच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली मातीची भट्टी. आजोबांनी ती इतकी खोल बसवली होती की तिचे पोट मधल्या हौदाच्या मागच्या भिंतीला टेकत होते. तोडणीच्या दिवसांत आणि नंतर महिनाभर आई तिच्यात रोज भाकऱ्या लावी, मजुरांसाठी, मग हिवाळ्याच्या साठ्यासाठी. रोज पहाटे ओकची लाकडे, रोज दुपारपर्यंत निखारे. आणि ज्या दिवशी वडील गेले त्या दिवसापासून ती विझलेली होती, कारण आमच्या गावात दुखवट्याच्या घरातून चाळीस दिवस भट्टीचा धूर निघत नाही. खायला शेजारी आणतात: मजद्दरा, किश्काचे सूप, त्यांच्या घरची भाकरी. शेगडीवर कॉफी उकळते तेवढीच.

तेव्हा मी त्या पोत्यांवर बसून राहिलो, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्या वाचनाकडे मी फार थंडपणे पाहिले. अडीच हजार वर्षांचे लेखक. चंद्र, वारे, समुद्राचे पाणी, गुलाम. त्यांतल्या एकानेही भाकरीचा उल्लेख केलेला नाही. करील कसा? ते सगळे खालच्या दाराने तळघरात येत होते. भिंतीच्या पलीकडे कोण वाकून जाळ फुंकत आहे हे पाहायला चाळीस पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. आणि मी, ज्याने त्या लेखकांच्या गाळलेल्या जागा शोधण्यावर पोट भरले, मी त्याच घरात जन्मलो, त्याच भाकऱ्या खाल्ल्या, आणि माझ्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत लिहिले: वडिलांना, ज्यांच्या हातांना सगळे ठाऊक होते.

आम्ही आईकडे गेलो. माझी आई मर्ता खिडकीपाशी बसलेली असे, काळ्या शालीत, मांडीवर दुसऱ्यांच्या घरची ताटे. ती एकेक पुसून गल्लीच्या बाजूला रचून ठेवी. झल्फाने सगळे एका दमात सांगितले. मी मध्ये मध्ये तापमानाविषयी बोललो.

आईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “म्हणजे एवढी वर्षं तो बोलायचा ते माझ्या भट्टीमुळं.”

“अर्धं तरी,” मी म्हणालो.

“आणि बिशप आले तेव्हा तुझे बाबा काय म्हणाले? पेला वर धरून? ‘माझ्या बापानं मला कान दिले, देवानं दगड दिला.’ मी तिथंच उभी होते, भाकऱ्यांची टोपली घेऊन.” तिने एक ताट जरा जोरात पुसले. “कान दिले म्हणे.”

“मग पेटवू या का, आई?” झल्फाने विचारले. “उद्या?”

“नाही.”

“आई, त्यांचीच वाइन आहे.”

“त्यांचाच दुखवटा आहे. चाळीस म्हणजे चाळीस. पंचविसाव्या दिवशी माझ्या घरातून धूर निघालेला त्या गल्लीनं बघायचा? मर्ताला भाकरीची घाई झाली म्हणतील.”

मी तिला समजावू लागलो. मी म्हणालो की या रिवाजाचा मूळ हेतू शोक करणाऱ्याला श्रमातून मोकळे करणे हा आहे. की जुन्या नोंदींत चाळीस हा आकडा सर्वत्र सारखा नाही. की पलीकडच्या डोंगरात तर सातच दिवस पाळतात. मी उत्तम बोललो. वर्गात यावर मुलांनी टिपणे घेतली असती.

“तूच मला पुरावंस, माझ्या डोळ्या,” आई मायेने, आमच्याकडे लेकराला म्हणतात तसे म्हणाली, “पण आता गप्प बस. जाळ मी लावायचा नाही म्हणजे नाही. त्यांनी मला साठ वर्षांत एकदा फसवलं नाही, मी त्यांना चाळीस दिवस फसवू?”

संध्याकाळी झल्फाने तौतलांना फोन करून शनिवारचे नक्की केले. मला तिच्यावर रागावता आले नाही, म्हणून मी त्यांच्या दोन ओळींच्या मसुद्यावर रागावलो आणि त्याच्या समासात अकरा चुका दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गलका झाला. ‘खालती’, म्हणजे मावशी, लबीबे आली होती. ती आमची सख्खी मावशी नव्हे, पण सबंध गल्ली तिला खालतीच म्हणते. तिच्या डोक्यावर पिठाच्या गोळ्यांची परात, मागे तिची सून, काखेत लाकडे.

“मर्ता!” तिने दारातूनच हाक मारली. “माझी तन्नूर तडकली!”

“तडकली?” आई खिडकीतून वळली नाही. “कुठं?”

“वरपासून खालपर्यंत. हात जाईल एवढी.”

“कधी?”

“आज सकाळी. सूनबाई, कधी गं?”

“सकाळीच,” सून जमिनीकडे बघत म्हणाली.

“आता एवढं मळलेलं पीठ काय मी डोक्यावर थापू? तुमची रिकामी आहे. मी माझी लाकडं आणलीत, माझं पीठ, माझा जाळ. तुमच्या घरच्यांनी बोट लावायचं नाही. चार भाकऱ्या इथं ठेवीन, त्या नाहीतरी ठेवणारच होते. डॉक्टर, तुम्ही बाजूला व्हा. माझ्या गुडघ्याचं तुम्ही काही केलं नाहीत, निदान वाटेत तरी उभे राहू नका.”

मी झल्फाकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत होती. माझ्या मनात आले, हिने जाऊन सांगितले. तिच्या मनात आले, याने. आम्ही दोघांनी एकाच वेळी नकारार्थी मान हलवली.

ते कसे घडले हे मला दुपारी लबीबेच्या सुनेने सांगितले. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करायचे नाही हा आमच्याकडचा नियम आहे. त्यात दोन अंजीर, मूठभर अक्रोड, काहीतरी जाते. फक्त दुखवट्याचे घर ताट रिकामे पाठवते, कारण त्या घरात काही शिजत नाही. चोवीस दिवस आमच्याकडून सगळी ताटे रिकामी गेली होती. काल संध्याकाळी मजद्दऱ्याचे ताट परत आले ते जड होते. लबीबेने फडके उचलले. आत आंबवणाचा गोळा होता, टपोरा, ताजा, वर खळगे पडलेला. माझ्या आईच्या सासूपासून चालत आलेले, भाकरीचे पीठ फुगवणारे आंबवण. ज्या घरात पीठ मळले जात नव्हते त्या घरात माझी आई चोवीस दिवस ते रोज मूठभर पिठावर जगवत होती आणि कुणाला दाखवत नव्हती.

लबीबेने ते पाहिले, फडके पुन्हा टाकले, आणि म्हणाली, “सूनबाई, आपली तन्नूर तडकली.”

त्या आठवड्यात कफर तल्जमधल्या भट्ट्यांवर अरिष्टच कोसळले. बुधवारी चांभाराच्या घरची तडकली, आणि मठाजवळच्या दोन. गुरुवारी शाळामास्तरांच्या बायकोने सांगितले की तिच्याकडे मुळात तन्नूरच नाही, पण असती तर तडकलीच असती. बायका पीठ घेऊन येत, दारात एकदा तोंडावर दुःखाचा भाव आणत, आईला “उरलेलं आयुष्य तुझ्या वाट्याला येवो” म्हणत, आणि मग बाह्या सारून कामाला लागत. आई भट्टीकडे पाठ करून खिडकीत बसून राही. तिने एकदाही हात लावला नाही. मात्र पाठ वळवूनच ती बोलत असे.

“लबीबे, जाळ उजवीकडं जास्त झालाय.”

“तुला मागं डोळे आहेत?”

“नाक आहे. आणि हळू थापा. गल्लीला वाटेल लग्न आहे.”

“गल्ली सगळी इथंच आहे, तिला काय वाटायचं ते वाटू दे.”

धूर निघाला. तो धुक्यात मिसळला आणि कुठून निघाला ते कुणालाही सांगता आले नसते. घरात पुन्हा भाकरीचा वास भरला, आणि त्या वासात सगळी माणसे जरा सैल झाली, जरा पेंगुळली, बोलता बोलता मध्येच थांबू लागली. मी दिवसातून सहा वेळा चाळीस पायऱ्या उतरत होतो आणि मागच्या भिंतीला हात लावत होतो. मंगळवारी काही नाही. बुधवारी गारवा मोडला. गुरुवारी मांजर हौदावर आली, कडेकडेने हिंडली, आणि नाक मुरडून निघून गेली. तिच्याइतका निर्दय परीक्षक मी विद्यापीठातही पाहिलेला नाही. शुक्रवारी भिंत अंगासारखी झाली.

पण हौद बोलला नाही. मी कान लावून उभा राहिलो. मला माझेच रक्त ऐकू येत होते. झल्फा म्हणाली, “एकदा विझलेलं पुन्हा पेटतंच असं नाही रे,” आणि तिने हे इतक्या हळू म्हटले की मला तिच्या पोटातली भीती प्रथमच दिसली. ती इतके दिवस तौतलांच्या बाजूने बोलत होती, कारण माझ्या बाजूने बोलून हरणे तिला परवडणारे नव्हते.

शनिवारी सकाळी बर्फ पडू लागले. या मोसमातले पहिले, विरळ, विचारपूर्वक पडणारे. तौतलांची गाडी साखळ्या लावलेल्या चाकांनी वर आली. त्यांनी खोके उतरवले, पट्टा उलगडला, यीस्टचे चांदीसारखे पाकीट शिडीच्या पायरीवर ठेवले. कोमट पाण्याची बादली मागितली. झल्फाने ती आणली. वरून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता, आणि मग तो थांबला.

पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. आई येत होती, लबीबेच्या खांद्यावर हात ठेवून, शालीवर बर्फ. दुखवट्यातली विधवा उंबरा ओलांडत नाही. पण हा आपल्याच घराचा खालचा उंबरा आहे, तेव्हा ओलांडला काय नि नाही काय, असे लबीबे ओरडून सगळ्या पायवाटेला सांगत होती. आई किती वर्षांनी तळघरात आली होती कुणास ठाऊक. तिने इकडेतिकडे पाहिले, एखाद्या परक्या घरात पाहावे तसे.

“एवढंसंच आहे होय,” ती म्हणाली.

“उम्म सिमआन,” तौतल अदबीने म्हणाले, “आम्ही आता सुरू करणारच होतो.”

“करा की. आधी मला त्याला बघू दे.”

शिडी तिला चढवेना. मी आणि झल्फाने तिला दोन्ही बाजूंनी उचलले. ती पिसासारखी हलकी होती. झल्फाने झाकण सरकवले. आत अंधार, आणि अंधारात रस, काळ्या काचेसारखा सपाट. आईने तोंड खाली नेले. वडील कान लावत; तिने कान लावला नाही. तिने नाकाने श्वास घेतला, परातीतल्या पिठाचा घेते तसा, आणि थोडा वेळ डोळे मिटून राहिली.

“आलंय,” ती म्हणाली. “वर यायचंय अजून. पण आलंय.”

“काय आलंय?” तौतलांनी विचारले.

“अहो, आंबवण कळत नाही का? पीठ फुगायच्या आधी वास फुगतो.” मग ती हौदात वाकून, सकाळी नवऱ्याला हाक मारावी तशी, वैतागून आणि रोजच्या सवयीने म्हणाली, “नोहरा, ऊठ. लोक येऊन बसलेत.”

मी शपथेवर सांगू शकत नाही की तेव्हाच घडले. तारखा आणि क्षण जुळवून देणाऱ्यांवर मी आयुष्यभर तुटून पडलो आहे. कदाचित ते आधीपासून चालू असेल आणि आम्ही सगळे गप्प झालो म्हणून ऐकू आले असेल. काळ्या काचेवर, मागच्या भिंतीपाशी, एक बुडबुडा वर आला आणि फुटला. मग बराच वेळ काही नाही. मग तिथेच दुसरा. मग तीन, एकमेकांना ढकलत. झल्फाने माझा दंड धरला होता, तो तिने इतका आवळला की दुसऱ्या दिवशी विमानात मला बाही वर करून तो डाग बघावासा वाटला.

तौतलांनी मिशीवरून बोट फिरवले. “दुपारपर्यंत थांबतो,” ते म्हणाले. दुपारपर्यंत पृष्ठभागावर बोटभर फेस जमला होता, आणि पायवाटेवरून जाणारा पोस्टमन दाराशी थबकला होता. तौतलांनी पाकीट खिशात घातले. हा माणूस खोटा होता पण आंधळा नव्हता. झल्फाला ते म्हणाले की वसंतात येऊन चाखीन, आवडली तर घेईन, आणि मला म्हणाले, “दोन ओळी मात्र लागतील, उस्ताज. बाटली मुकी चालत नाही.”

मी त्यांच्याच कागदाच्या मागे लिहून दिले. वरच्या बांधाची मरवाह. तोडली नोहरा यांनी. आंबवली मर्ता यांच्या भट्टीने, शेजारणींच्या पिठावर.

तौतलांनी ते दोनदा वाचले. “याला कुणी वाइन म्हणणार नाही. हे भाकरीचं वाटतं.”

“वाचा बरं काय लिहिलंय,” आई म्हणाली. तिला वाचता येत नाही. तौतलांनी मोठ्याने वाचले. आई ऐकत असताना तिच्या चेहऱ्यावरून काय गेले ते मला नीट दिसले नाही. दारातून धुके आत येऊ लागले होते.

“त्यांचं नाव आधी आहे ना?” तिने विचारले.

“आधी आहे.”

“मग असू दे.” ती काठी टेकत वळली. “लबीबे, वर चल. जाळ पडला असेल.”

त्या दोघी पायऱ्या चढू लागल्या, आणि काही पायऱ्यांनंतर दिसेनाशा झाल्या. फक्त लबीबेचा आवाज येत राहिला, की अजून अकरा दिवस आहेत, आणि गावात तडकायला आता एकही भट्टी उरलेली नाही.